आठ सह्यांचे घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ज्या काळी ही म्हण जन्मास आली त्या काळी जागा घरची असे, चिरे गावच्या खाणीतले असत, लाकूड परसातले असे आणि गवंडी-सुतार नात्यातल्यासारखे असत. तेव्हा प्रश्न काय तो बांधण्याचा. एखाद्या गृहस्थाला दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेण्याची पाळी येईल, हे त्या म्हणकाराच्या स्वप्नातही आले नसावे. आले असते, तर त्याने म्हणीतून लग्न गाळून टाकले असते. घर विकत घेण्यापुढे लग्न म्हणजे दोन घटकांचा खेळ होय. आम्ही दोन्ही करून पाहिली आहेत, म्हणून हे विधान अधिकाराने करीत आहो.

अकरा वर्षे आम्ही बिऱ्हाडात काढली. या अकरा वर्षांत चार बिऱ्हाडे झाली. घरमालकाची परवानगी असल्यावाचून भिंतीस खिळा मारावयाचा नाही, अंगणात तुळस लावावयाची ती कुंडीत लावावयाची, म्हणजे निघतेवेळी उचलून नेता येते, असे अनेक धडे आम्ही त्या काळात शिकलो. तरीही स्वतःचे घर घ्यावे असे मनाने घेतले ते एका विद्यार्थ्यामुळे. इयत्ता सहावीस दरवर्षी आम्ही 'माझे घर' हा निबंध घालतो. मुले तुळशीवृंदावन, फणस, आजोबांची आरामखुर्ची असे सारे भक्तिभावाने लिहितात. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, भाड्याचे घर लिहिले तर चालेल का?" आम्ही "चालेल हो, का नाही चालणार?" असे म्हणालो खरे, पण तो प्रश्न त्या दिवशी आमच्याबरोबर बिऱ्हाडी आला आणि जेवावयास पानावर बसला.

2022 च्या जूनमध्ये आम्ही शोधास लागलो. शाळेच्या जवळ, म्हणजे फोंडा तालुक्यात, शक्य तो खेड्यात, आणि शिक्षकाच्या पगाराला पेलेल असे घर हवे होते. गोव्यात घर पाहणे म्हणजे अर्धा इतिहास पाहणे होय, हे तेव्हा आम्हांस कळले. एक घर पसंत पडले. पण जमीन निघाली कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावकरी संस्थेची, विकणाऱ्याच्या मालकीची नव्हेच. दुसऱ्या घराच्या परसात एक मुंडकार कुटुंब तीन पिढ्या राहत होते. 1975 च्या मुंडकार कायद्याने अशा कुटुंबाला राहत्या जागेवरून कोणी हुसकावू शकत नाही, आणि ती जागा विकत घेण्याचा हक्कही त्यालाच आहे. मालक मात्र म्हणत होता, "ते जातील हो, मी सांगतो त्यांना!" ज्याला स्वतःला जावयाचे आहे तो दुसऱ्यास जावयास सांगतो, ही रीत आम्हांस रुचली नाही. तिसऱ्या ठिकाणी जमीन आराखड्यात फळबागेच्या पट्ट्यात दाखविलेली होती. तेथे राहण्याचा हक्क नारळांना होता, आम्हांस नव्हता.

चौथे घर मात्र पाहताक्षणी आमचे वाटले. चार खोल्या, मंगळुरी कौले, चिऱ्यांच्या भिंती, पुढे बसावयास सोपो, मागे बिमलीचे झाड आणि पाणी कधी न आटणारी विहीर. मालक वडीलधारे होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो आणि ते आम्हांस मास्तर. किंमत तीस लाख रुपये ठरली. दोन लाख रुपये विसार म्हणून दिले, आणि 2023 च्या जानेवारीत सहा महिन्यांच्या मुदतीचा करार झाला.

आता पैशांचे पाहू. बँकेने वीस लाख मंजूर केले. विद्यार्थिमित्रांनो, चक्रवाढ व्याजाचा धडा तुम्हांस कंटाळवाणा वाटतो. म्हणून हा हिशेब खुलासेवार देतो. वीस लाख रुपये, द. सा. द. शे. साडेआठ दराने, वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 17,356 रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातले 14,167 रुपये हे निव्वळ व्याज असते. मुद्दलातून उणे होतात फक्त तीन हजारांच्या आसपास. 240 हप्ते फेडून होतात तेव्हा आपण बँकेस एकंदर साडेएकेचाळीस लाखांहून अधिक दिलेले असतात. म्हणजे एक घर आपण आपल्यासाठी घेतो आणि दुसरे बँकेसाठी. उरलेल्या दहा लाखांपैकी एक लाख आमच्या पुंजीतले होते, आणि नऊ लाख आले होते आमच्या वडिलोपार्जित घराच्या विक्रीतून. या नऊ लाखांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. आम्ही ठेवले नव्हते.

घराचे कागद पाहण्याचे काम वकिलांकडे सोपविले. एक-चौदाच्या उताऱ्यावर अद्याप काकांच्या दिवंगत वडिलांचेच नाव होते. जुना दस्त पोर्तुगीज भाषेतला होता. कारकुनाच्या वळणदार अक्षरात चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. पूर्वेस 'नासेंत', पश्चिमेस 'पोयेंत' असे वाचताना आम्हांस भूगोलाच्या तासाची मौज वाटली. पूर्वसीमेस जो ओहोळ लिहिला होता तो आता केवळ पावसाळ्यात दिसतो. पण कागदावर तो बारमाही वाहत होता.

वकिलांनी आम्हांस गोव्याच्या कायद्याचा जो धडा दिला तो सर्वांनी ऐकून ठेवण्याजोगा आहे. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, आणि मुक्तीनंतरही तो बहुतांशी टिकून राहिला. त्यातला वारसाविषयीचा भाग आता 2012 च्या, गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. लग्नाच्या वेळी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता दोघांची सामाईक होते. म्हणून एकाने घर विकावयाचे म्हटले तरी दुसऱ्याची संमती लागते. आणि आईबापांच्या मागे मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. भारतात इतरत्र बहुतेक राज्यांत हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळण्यास 2005 साल उजाडावे लागले. आपल्या येथे मुलगा-मुलगी समान हे कायद्याच्या पुस्तकात केव्हाचेच होते. पुस्तकात होते, एवढेच आम्ही तूर्त म्हणतो.

"वारस किती?" वकिलांनी विचारले.

"आम्ही दोघे भाऊ," काका म्हणाले. "धाकटा मुंबईस असतो."

दोन भाऊ, दोघांच्या पत्नी, आणि घेणारे आम्ही उभयता, अशा सहा सह्यांचा हिशेब झाला. रिवाजाप्रमाणे वकिलांनी मराठी दैनिकात जाहीर नोटीस दिली, की अमुक घर आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. अशा नोटिसा कोणी वाचत नाही, असा आमचा समज होता. बाराव्या दिवशी वकिलांच्या कचेरीत एक पाकीट आले. आत वहीचे रेघी पान होते, आणि त्यावर ठसठशीत, थोड्या थरथरत्या अक्षरात दोनच ओळी होत्या: 'त्या घरात मीही जन्मले. मला कोणी विचारले नाही.' खाली नाव, आणि सत्तरीतल्या एका गावचा पत्ता.

काकांना बहीण होती.

आम्ही काकांस विचारले. ते रागावले नाहीत. उलट त्यांना आमचेच नवल वाटले. "मास्तर, ती लग्न होऊन गेली त्याला चाळीस वर्षे झाली. दिल्या घरी सुखी आहे. तिला या घराचे काय?" हे बोलताना त्यांच्या स्वरात कपट नव्हते, आणि तेच अधिक अवघड होते. कपटाशी भांडता येते. सवयीशी कसे भांडावे? मध्यस्थाने आम्हांस बाजूला घेऊन तोडगा सांगितला. बहिणीकडून हक्कसोडीचा दस्त करून घ्यावा, म्हणजे तिचा वाटा भावांकडे जातो, काही द्यावे लागत नाही, आणि आमचे काम महिन्याभरात उरकते. भावाने गोड बोलून सांगितले की बहिणी सही करतात, असा त्याचा अनुभव होता. कायद्याने यात काही वावगे नव्हते. आमची मुदत सरत चालली होती, बँकेचे मंजुरीपत्र जुने होत होते, बिऱ्हाडाचे भाडे चालूच होते. खरे सांगावयाचे तर, तो तोडगा आम्हांस त्या दिवशी आवडला.

एप्रिल महिन्यात एका रविवारी काका आणि आम्ही खांडेपारचा पूल ओलांडून, उसगावमार्गे सत्तरीत गेलो. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. मावशींनी भावास पाहून डोळे पुसले, आम्हांस पाणी दिले, आणि यजमानांना हाक मारून बोलावले. वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचण्याची त्यांना सवय होती. मुक्तीनंतर गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत त्या चार इयत्ता शिकल्या होत्या. ती चार इयत्तांची विद्याच नोटीस वाचावयास आणि दोन ओळी लिहावयास पुरली होती.

काकांनी हक्कसोडीच्या दस्ताचा मसुदा पुढे केला. तो इंग्रजीत होता. मावशींनी तो उलटसुलट पाहिला आणि आमच्याकडे दिला. "मास्तर, तुम्ही मुलांना वाचावयास शिकवता. यात काय लिहिले आहे ते मला सांगा. सगळे सांगा."

आयुष्यात पुष्कळ धडे आम्ही वाचून दाखविले आहेत. इतका जड धडा एकही नव्हता. काका आमच्याकडे पाहत होते. सांगावयाचे ते 'घराच्या कामासाठी तुमची सही हवी' एवढ्यात आटोपता आले असते. ते खोटेही ठरले नसते. आम्ही ओळीओळीने अर्थ सांगितला: की आईवडिलांच्या मालमत्तेतला आपला सारा हक्क आपण सोडीत आहात, त्याबद्दल काही घेत नाही, आणि पुढे काही मागता येणार नाही. तीस लाखांच्या किमतीत त्यांचा तिसरा हिस्सा दहा लाख होतो, हेही सांगितले, कारण त्यांनी 'सगळे सांगा' असे म्हटले होते.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग भावाकडे वळून आमच्या घरच्याच भाषेत म्हणाल्या, "म्हाका कोणें विचारलां? लग्नावेळी ना, आवय गेली तेन्नाय ना." आणि मग आम्हांस मराठीत: "मला घर विकावयाचे आहे. पण सोडावयाचे नाही. माझा वाटा मला द्या. मी आणि माझे यजमान, दोघे सही करतो."

परतीच्या वाटेवर काका आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि पुढे महिनाभरही बोलले नाहीत. आमचे दोन लाख अडकले होते. पण ती चिंता आम्हांस जितकी छळावयास हवी होती तितकी छळीत नव्हती. दुसरेच काही छळीत होते.

2018 साली डिचोली तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर विकले गेले. अठरा लाख आले. आम्ही दोघे भाऊ आणि एक धाकटी बहीण. बहिणीने आणि तिच्या यजमानांनी त्याआधी नोटरीपुढे हक्कसोडीचा दस्त करून दिला होता. तो दिवस आम्हांस स्वच्छ आठवतो. दस्त इंग्रजीत भराभर वाचला गेला. वाचून झाल्यावर बहिणीने कागदाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. तिने सही केली. मग आम्ही सर्वांनी हॉटेलात मिसळ खाल्ली, आणि बिल आम्ही दिले, याचा आम्हांस त्या दिवशी अभिमानही वाटला होता.

अठराचे तीन भाग केले तर प्रत्येकी सहा लाख होतात. आम्ही दोघांनी नऊ-नऊ घेतले. म्हणजे आमच्या एका मान हलविण्याची किंमत तीन लाख रुपये होती. सत्तरीतल्या काकांस सुखाने नावे ठेवणारे आम्ही, त्यांच्याच वर्गात, त्यांच्या पुढच्या बाकावर बसलेले होतो.

रात्री हे सारे आम्ही सौभाग्यवतींस सांगितले. त्या म्हणाल्या, "मला हे तेव्हापासून ठाऊक होते. पण मी सून. मला कोणी विचारले?" हे वाक्य त्या एकाच महिन्यात आम्ही दुसऱ्यांदा ऐकत होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कायद्याने त्या पैशांत अर्धे माझे आहेत ना? मग माझ्या अर्ध्यातले आधी द्या."

इकडे काकांच्या घरीही असेच काही घडले असावे. जूनच्या शेवटी त्यांचा निरोप आला की बहिणीचा वाटा द्यावयास ते तयार आहेत. कारण पुढे कळले. विक्रीच्या दस्तावर काकींची सही लागणार होती, आणि काकींनी स्पष्ट सांगितले होते की नणंदेची सही झाल्यावर मी करीन. त्याही कोणाच्या तरी बहीण होत्या. पत्नीच्या संमतीचे ते कलम ज्यांनी कोणी लिहिले, त्यांच्या मनात असा उपयोग होता की नाही आम्ही सांगू शकत नाही. पण त्या दिवशी ते कामास आले.

मुदत वाढविली. वारसांचा दस्त तिघा भावंडांच्या नावे झाला. 2023 च्या डिसेंबरात आम्ही सारे निबंधकांच्या कचेरीत जमलो. तीन भावंडे, त्यांचे तीन जोडीदार आणि आम्ही उभयता, अशा आठ सह्या, साक्षीदार वेगळे. प्रत्येकाचे छायाचित्र निघावयाचे, अंगठा टेकावयाचा. आणि नेमके यंत्र बंद पडले. अडीच तास आम्ही बाकांवर बसून होतो. बाकाच्या एका टोकास काका, दुसऱ्या टोकास मावशी, मध्ये कोणी नाही. मग काका उठून बाहेर गेले आणि चहाचे दोन पेले घेऊन आले. एक त्यांनी बहिणीपुढे धरला. "बिनसाखरेचा आहे," एवढेच म्हणाले. बहिणीला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक होते. मावशींनी पेला घेतला. यंत्र सुरू झाले तेव्हा दोघे बाकाच्या मध्यावर होती. तीन वेगवेगळे धनादेश त्या दिवशी तिघांच्या हाती पडले, आणि घर आमचे झाले.

आमच्या स्वतःच्या भावंडांचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वडील बंधूंकडे आम्ही विषय काढला. ते म्हणाले, "तिने राजीखुशीने सही केली होती." आम्ही म्हणालो, "आमच्याकडे पाहून केली होती." त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, ते अजून यावयाचे आहे. बहिणीकडे मात्र आम्ही उभयता गेलो आणि सारा हिशेब कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवला. अठरा भागिले तीन बरोबर सहा. नऊ वजा सहा बरोबर तीन. ती 'असू दे रे दादा' असे म्हणेल, अशी आशा मनाच्या कोपऱ्यात होती, हे कबूल करतो. तसे ती म्हणाली नाही. तिने कागद वाचला. या खेपेस पुरा वाचला. आम्ही गयावया करीत म्हणालो की घराच्या कर्जाखाली दबलो आहोत, एकरकमी देणे जमणार नाही. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "दादा, हप्त्यांनी दिल्यार लेगीत जाता."

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही दोन हप्ते भरतो. एक बँकेचा, 240 महिन्यांचा. दुसरा बहिणीचा, पाच हजार रुपयांप्रमाणे 60 महिन्यांचा. पहिल्यास व्याज आहे, दुसऱ्यास नाही. पहिला चुकला तर बँकेचे पत्र येते. दुसरा एकदा चार दिवस लांबला, तेव्हा बहिणीचा फोन आला. तिने पैशांचा विषय काढला नाही, "प्रकृती बरी आहे ना?" एवढेच विचारले. त्यानंतर आम्ही तो कधी लांबू दिला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरे घ्याल, विकाल, अनेक कागदांवर सह्या कराल आणि इतरांच्या सह्या घ्याल. सही करण्यापूर्वी कागद पुरा वाचा. न समजला तर समजावून मागा. आणि तुमच्याकडे पाहून कोणी सही करीत असेल, तर मान हलविण्यापूर्वी त्यास तो वाचून दाखवा. मुलींनी हे आजच वहीत लिहून ठेवावे. मुलांनी दोनदा लिहावे.

यंदा सहावीच्या वर्गात 'माझे घर' हा निबंध पुन्हा घातला आहे. भाड्याचे घर चालेल, हे या वेळी आम्ही आधीच सांगून टाकले. एका मुलीने विचारले, "सर, आईचे माहेरचे घर लिहिले तर?" आम्ही म्हणालो, "चालेल. पण त्यात आईचा वाटा किती, तेही लिही."